मुकुंदाचं पोट आणि मी नेलेली हिंगाची डबी

आईचा फोन आला, तेव्हा मला वाटलं, माझी आठवण झाली असेल. ती म्हणाली, "मुकुंदाचं पोट परत बिघडलंय. पेपर आठ दिवसांवर आलेत. तू ये जरा." मी गुजरातेत, उंझ्याला मसाल्याच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. माझ्या पोटासाठी आजवर कुणी फोन केलेला नाही.

उंझ्याहून अहमदाबाद आणि तिथून इंदूरची सकाळची बस. दाहोदनंतर डोंगर लागतात, खिडकी मिळाली तर सोडू नका. गंमत म्हणजे धार वाटेतच येतं आणि माझा धाकटा भाऊ मुकुंद धारलाच शिकतो. पण मी उतरायचं नाही! आईची ताकीद होती, आधी देवासला घरी ये, त्याची पिशवी घे, मग उलटा धारला जा. म्हणजे मी हमाल.

रात्र इंदूरच्या बसस्टँडवर काढून सकाळी देवासला टेकडीखालच्या ठेल्यावर पोहे खाल्ले, वरून शेव आणि जीरावण, म्हणजे पोह्यांवरचा इकडचा मसाला, मारके. दहा-पंधरा रुपयांत पोट भरतं. घरी आई राजगिऱ्याचे लाडू वळत होती. मुकुंदाला गहू सोसत नाही, दूध सोसत नाही, म्हणून त्याच्यासाठी ज्वारीचं पीठ, मूग, शेंगदाणे, तिळाची चटणी असं सगळं बांधून ठेवलेलं. मी लाडवाकडे हात नेला.

"त्याचे मोजून केलेत रे. तुझ्यासाठी बाफले करते ना."

बाफले म्हणजे गव्हाचे भाजलेले गोळे, तुपात बुडवलेले. मला फार आवडतात. पण त्या दिवशी मला लाडूच पाहिजे होता.

दुसऱ्या दिवशी देवासहून इंदूर, तिथे बस बदलून धार. एकूण तीन तास धरून चाला. मुकुंदाची खोली किल्ल्याच्या बाजूला आहे. सोबत मनावर गावचा दीपक राहतो, त्याच्याच कॉलेजातला. भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता. त्यावर 'चालतं' आणि 'चालत नाही' अशा दोन रांगा, आणि प्रत्येक ओळीपुढे ते कुणी सांगितलं त्याचं नाव. डॉक्टर. कॉलेजच्या मॅडम. दीपकची आई. मी आठवीत शाळा सोडली तेव्हा माझ्यासाठी कुणी कागद चिकटवला नव्हता.

पण पोरगं हुशार आहे, मान्य करावं लागेल. खोली करून राहणाऱ्यांनी हे लिहून घ्या. मंडई उठायच्या वेळी गेलं की पालक अर्ध्या भावात मिळतो. मूग-चण्यांना घरीच मोड आणायचे, वर लिंबू पिळायचं. दुधाच्या जागी तीळ आणि राजगिरा. मक्याचं पीठ दीपक गावाहून आणतो. दोघांचं दिवसाचं जेवण शंभराच्या आत बसतं.

"मग पोट का बिघडतं?" मी विचारलं.

"तेच तर कळत नाही, दादा. डॉक्टर म्हणतात, गव्हाचा कणसुद्धा नको. मी तर गव्हाकडे बघत पण नाही."

असं म्हणत त्याने वरणाला फोडणी दिली आणि फळीवरून पिवळी डबी काढली. मी डबी ओळखली. आमच्या कारखान्यातली होती, दिवाळीत मी आईला दिलेली. पोट दुखलं की हिंग, हे आमच्या घरचं औषध. म्हणून तिने ती त्याला दिली. त्याचं जितकं दुखे तितका तो जास्त हिंग घाली. आणि त्या हिंगात मैदा असतो. मैद्याच्या गोण्या मीच फोडतो.

मी बोललो नाही. खरं लिहितो, मला बरं वाटलं. पहिल्यांदाच असं काही होतं जे मला माहीत होतं आणि त्याला नव्हतं. तो पोटभर जेवला, मी बघत बसलो.

तासाभरात तो गुडघे पोटाशी घेऊन पडला. पुस्तक उघडंच होतं. तेव्हा माझ्याने राहवलं नाही.

"हिंग टाकून दे. त्यात मैदा आहे."

दीपकने डबी उजेडात धरली. बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. "अरे भिया! दो-दो कॉलेजवाले, और डब्बी किसी ने नहीं पढ़ी!"

मुकुंद माझ्याकडे बघत राहिला. "दादा, तुला जेवायच्या आधी माहीत होतं?"

"हो."

"मग?"

"तुझे लाडू मोजलेले होते म्हणून."

तो हसला नाही. मग भिंतीला धरून उठला, पिशवीतला एक लाडू काढून अर्धा केला आणि माझ्या हातावर ठेवला. तुम्हाला म्हणून सांगतो, लाडू काही खास नव्हता.

आता उंझ्याला परत आलोय. मुकुंदाने हिंग बंद केला, फोडणीला ओवा-जिरं घालतो. तिसऱ्या दिवसापासून पोट शांत आहे, पेपरही बसून दिले. आईचा फोन आला, त्याचंच सगळं सांगत होती. माझ्या पोटाचं तिने अजून विचारलेलं नाही. हेवा तसाच आहे, गेला म्हणालो तर खोटं होईल.

पण त्याने त्या कागदाचा फोटो पाठवलाय. दुपारच्या सुट्टीत मैद्याच्या गोणीवर बसून मी तो मोठा करून बघतो. खाली जागा उरली नव्हती, म्हणून त्याने वरच, डॉक्टरांच्या ओळीखाली कोंबून लिहिलंय, 'डबीतला हिंग – दादा'. मॅडम माझ्या खाली आहेत.