झोपाळे दोन

मंडईमागच्या बागेत साठीची एक भाजीवाली झोपाळ्यावर चांगले उंच झोके घेत होती. रिकामी पाटी तिने खांबाला टेकवून ठेवली होती. मी बघतच राहिलो, कारण हा झोपाळा सकाळीच मला भेटला होता, स्क्रीनवर.

सध्या मी एआयसाठी एक माहितीपुस्तिका लिहितो आहे. सरकारने कुठे काय खर्च केला हे नोंदींतून कसं शोधायचं, ते त्या यंत्राला समजावून सांगायचं. उदाहरणाला एक नोंद हवी होती, म्हणून आपल्याच गावातली घेतली: ‘मंडईमागील उद्यान, झोपाळे दोन, काम पूर्ण.’

“कागदावरच झुलत असतील,” बायको वाचून म्हणाली. मलाही हसू आलं. ‘काम पूर्ण’ वाचलं की आपल्याला येतंच. पण त्याच पानावर मी यंत्राला बजावलं होतं, खात्री केल्याशिवाय उत्तर देऊ नकोस. तेव्हा मुकाट्याने चपला घातल्या आणि निघालो.

आणि इथे ती नोंद चक्क करकरत होती! वर जात होती, पदर फडफडवत खाली येत होती. इतकी वर्षं संशय घेण्यालाच मी हुशारी समजत आलो. सरकारी कागदावरचं एखादं वाक्य खरं निघालं की इतकं बरं वाटतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

मी खुळ्यासारखा हसत उभा. तिने पाय जमिनीला घासत झोका हळू केला.

“बघता काय दादा? बसा की. दोन आहेत.”