पुसलेला पाऊस

आमची ही संग्रहालयात जुनी चित्रं साफ करते. घरातल्या जळमटांकडे ढुंकून बघत नाही, पण परक्या माणसाच्या आभाळावर डाग दिसला की हिचे हात शिवशिवतात. हे मी तोंडावर म्हणतो आणि बोलणी खातो.

यंदा तिच्याकडे एका चित्रकाराची छोटी छोटी आभाळं आली होती. खाली ना जमीन, ना झाड. नुसते ढग, उघड्यावर बसून घाईघाईत रंगवलेले. उजेड कुठून येतोय, वारा कुठे चाललाय, हे ढगांच्या कडांवरूनच ताडायचं. हिला ते जमतं, म्हणूनच ते काम हिच्याकडे आलं.

एका संध्याकाळी पर्स खांद्याला तशीच ठेवून ती खुर्चीत बसली. चेहरा उतरलेला. "माझ्या हातून घात झालाय," म्हणाली.

काडीला कापूस गुंडाळून ती बोटभर जागा पुसते आणि वापरलेले बोळे ओळीने मांडून ठेवते. आधी काजळी निघते, मग पिवळं पडलेलं वॉर्निश. त्या दिवशी पिवळ्यानंतरचे बोळे राखाडी होते, आणि हे तिला ओळ बघताना कळलं, पुसून झाल्यावर.

"मळच असेल गं."

"मळ वॉर्निशच्या वर असतो. हे खालून आलंय, रंगातून. ढगाखाली एक फराटा होता, मी डाग समजले. वाऱ्याच्याच बाजूला कललेला होता, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही! तो पाऊस होता. लांबवर पडणारा."

नोकरी जाणार, हेच मला आधी सुचलं. ती मात्र पावसाचंच बोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने संग्रहालयाच्या साहेबांना सगळं सांगितलं. साहेब तसे वाईट नाहीत, पण प्रदर्शन तोंडावर आलेलं. "बोभाटा करू नका बाई. चार फराटे ओढा, तुमचा हात चांगला आहे."

"मग तो पाऊस माझा होईल, चित्रकाराचा नाही."

"तर राहू द्या तसंच. कोण विचारतंय?"

त्यानंतर हिला घास गोड लागेना. बोलायला गेलं की खेकसायची, मग मीही खेकसायचो.

उद्घाटनाला मी सोबत गेलो. हिने माझा दंड घट्ट धरला होता. चित्रांची माहिती देणारे प्राध्यापक नेमके त्याच आभाळासमोर थांबले.

"ढग भरलेला आहे, पण बरसत नाहीये. बघा, चित्रकाराने पाऊस मुद्दाम रोखून धरलाय. केवढा हा संयम!"

लोक माना डोलवू लागले. साहेबांनी हिच्याकडे रोखून बघितलं. "चल, चहा घेऊ," मी पुटपुटलो.

तिने माझा दंड सोडला.

"पाऊस पडत होता," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू गेलं. "तो मी पुसला."