वाळूतला बर्फाचा सराव

उतार खाली आला तेव्हा आवाज असा झालाच नाही. गव्हाचं पोतं रिकामं करताना होतो तेवढाच. टेकडीच्या पायथ्याशी माझा मुलगा आणि त्याचा मित्र फावड्यांनी खणत होते. मी मान वर केली तर दोघंही नव्हते. नुसती वाळू.

सून गाडीपासून धावत आली. तिच्या गळ्यात गाडलेल्याला शोधायचं यंत्र होतं.

तिघं जॉर्जियाला बर्फावर घसरायला जाणार होती, आखलेल्या वाटा सोडून. बर्फाचा कडा कोसळला तर गाडलेला माणूस कसा शोधायचा, ते कॉम्प्युटरवर शिकली होती. सरावाला मुऐदरच्या घरून इथे वाळूत यायची. त्या शुक्रवारी मलाही आणलं.

"कतारमध्ये बर्फाचा सराव. अजून काय बघायचं राहिलंय?" मी म्हटलं होतं.

"काकू, आज तुम्हालाच पुरतो आणि शोधून काढतो," मित्र म्हणाला.

"पुरून टाक. शोधू मात्र नकोस. सुनेला तेवढीच सुट्टी."

सून मनापासून हसली होती.

मग त्यांनी एक यंत्र बॅगेत घालून बॅग पुरली. ते यंत्र खुणेचा आवाज पाठवतं. शोधणारा आपलं यंत्र ऐकण्यावर लावतो, मग ते पाठवत नाही. खालच्या अंगाने आडवं खणायचं, असं शिकवलेलं. बर्फ उभा राहतो. वाळू राहत नाही. हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

उतार कोसळल्यावर सून यंत्राकडे बघत गेली, गुडघ्यांवर बसली, उपसत राहिली. बॅग निघाली.

"आई, दोघांचीही यंत्रं ऐकण्यावर आहेत."

"म्हणजे?"

"बॅगेतलं बंद केलं. आता कुठूनच आवाज येत नाहीये."

"मग कुठे खणायचं?"

"माहीत नाही."

काही यंत्रं हालचाल थांबली की आपोआप पाठवायला लागतात म्हणे. ही जुनी, भाड्याची होती.

तिने मला लांब काठी दिली. मी खुपसत गेले. दरवेळी काठी मऊ जायची, कुठेच अडायची नाही. ती खणायची तेवढीच वाळू वरून परत यायची. पलीकडच्या तंबूतली कतारी माणसं गाडी घेऊन आली. एकाने जेवणाची परात आणली होती, तिनेच तो वाळू ओढत होता. "यल्ला, यल्ला," चला, लवकर, एवढंच ते बोलत होते.

काठी अडली. सगळ्यांनी मिळून उपसलं, ओढून काढलं. सुनेने तोंडावरची वाळू पुसली. तो मित्र होता. खोकला, श्वास घेतला. मला त्याचा राग आला. आजही येतो.

मुलगा त्याच्या मागेच होता, आणखी खोल, फावडं हातात धरलेला. सुनेने त्याला तोंडाने श्वास द्यायला सुरुवात केली. अॅम्ब्युलन्सवाल्यांनी तिला बाजूला करेपर्यंत ती थांबली नाही.

मित्र वाचला. माझा मुलगा वाचला नाही.