उभ्या दांड्याचं इंजिन

मिस्त्रीचाचा कधी काही लिहून ठेवत नसत. इंजिन उघडलं की नट, बोल्ट, वायसर, सगळं एका गोणपाटावर पसरायचं. ना खूण, ना चिठ्ठी. एखादा सुटा भाग यायला महिना लागला तरी ते गोणपाट तसंच पडून असायचं आणि भाग आला की चाचा खाली बसून प्रत्येक बोल्ट त्याच्या त्याच्या भोकात बसवायचे. मी एकदा विचारलं, चुकत नाही का कधी? ते म्हणाले, "घरात किती पोरं आहेत ते कुणी लिहून ठेवतं का, भाऊ?"

धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याखाली दहा बाय बाराची जागा. पूर्वी तिथे शिंदखेडा, दोंडाईचाकडचे शेतकरी डिझेल इंजिनं घेऊन यायचे. चाचा त्यांच्याशी अहिराणीत बोलायचे आणि गिऱ्हाईक ओट्यावर चढायच्या आत मान वर न करता म्हणायचे, "तुन्हा इंजिनना वाल्व मी मांगना पोयाले बदलेल शे. आते काय, धूर देस का?" शेतकरी चाट पडायचा. गेल्या पोळ्याला वाल्व बदलल्याचं त्याला स्वतःला आठवत नसायचं, पण चाचांना आठवायचं.

पुढे विहिरींवर मोटारी आल्या, मग सोलर आलं, आणि डिझेल इंजिनं गोठ्यात गंजत पडली. मी चाचांना ओळखू लागलो तेव्हा त्यांच्याकडे फवारणीचे पंप आणि लग्नाच्या मंडपवाल्यांचे जनरेटर एवढंच येत होतं. मी शहराबाहेरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात स्टोअर सांभाळायचो. नोकरी अकरा महिन्यांच्या करारावर. दरवर्षी करार संपताना माझी सतत आजारी असणारी बायको महिनाभर आधीपासून गप्प गप्प असायची.

कॉलेजला मोठं मैदान होतं आणि त्यावर गवत कापायला बसून चालवायची एक परदेशी गाडी होती. पोटाखाली तीन पाती, वर सीट, मागे इंजिन. संस्थेच्या अध्यक्षांनी कुठूनशी जुनी घेतलेली. तिच्या इंजिनातली पिस्टनची कांडी एका दुपारी तुटली आणि बाजूचं ओतीव कवच फोडून बाहेर आली. नाशिकहून आलेल्या माणसानं गाडी बघितली आणि भंगारात घाला म्हणाला. म्हणून मी चाचांना घेऊन आलो.

त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून पाहिलं आणि हसले. मला बोलावून दाखवलं. आपल्याकडच्या इंजिनांचा दांडा आडवा असतो, बाजूनं बाहेर येतो. या इंजिनाचा दांडा उभा होता, जमिनीकडे तोंड करून. त्याच्यावरच्या कप्पीनं खालची पाती फिरायची. "बाजारातलं कुठलंही इंजिन इथे बसणार नाही," ते म्हणाले. "उभ्या दांड्याचंच मागवावं लागेल. तेही नेमकं हे मिळणार नाही. जे मिळेल त्याला हिच्यात राहायला शिकवू."

इंजिन यायला दोन महिने लागले. खोक्यातून निघालं तेव्हा त्याचा दांडा जुन्यापेक्षा बारीक होता आणि खालची भोकं जुळत नव्हती. मला वाटलं, संपलं. चाचांनी मात्र दोऱ्यानं मापं घेतली, लेथवाल्याकडे बसून दांड्यावर घालायला पोलादी नळी करून आणली, जाड पत्र्याची पट्टी कापून तिला नवी भोकं पाडली. आठवडाभर ते रोज सकाळी रिक्षानं कॉलेजच्या स्कूटर स्टँडमागच्या शेडमध्ये यायचे. रजिस्ट्रार साहेब रोज येऊन किती दिवस अजून असं विचारायचे. चाचा पट्टी घासत राहायचे. साहेब गेले की मला म्हणायचे, "ज्याले घाई शे, त्यानी दुसरा मिस्त्री देखा." माझ्याशी ते मराठीत बोलायचे, पण वैतागले की अहिराणीवर यायचे.

त्या आठवड्यात मी त्यांना जेवढं खुशीत पाहिलं तेवढं कधी पाहिलं नाही. सत्तरीला आलेला माणूस गाडीखाली उताणा पडून पट्टा चढवताना गुणगुणत होता. बाहेर आले तेव्हा दाढीत गवताच्या काड्या होत्या. "पंधरा वर्षांत असं काम आलं नव्हतं," ते म्हणाले.

शनिवारी दुपारी इंजिन बसलं. उरलं फक्त तेल. नवं इंजिन कोरडं येतं, तेल आपण भरायचं असतं. माझ्या स्टोअरमध्ये ट्रॅक्टरच्या तेलाचा उघडा डबा होता. चाचांनी त्यात बोट बुडवून पाहिलं आणि नको म्हणाले. त्यांना हवं होतं ते तेल धुळ्यात मिळालं नव्हतं. रविवारी त्यांच्या साडूच्या घरी जळगावला लग्न होतं. तिथून घेऊन सोमवारी सकाळी येतो म्हणाले. निघताना त्यांनी चावी माझ्या हातात दिली.

"भाऊ, आत तेल नाही. चावी कुणाला देऊ नका."

"नाही देत, चाचा," मी म्हणालो.

रविवारी सकाळी रजिस्ट्रार साहेबांचा फोन आला. सोमवारी तपासणीला समिती येणार होती, मैदान आजच कापायचं होतं. मी कॉलेजवर गेलो. साहेब ड्रायव्हरला घेऊन शेडपाशी उभे होते. मी म्हणालो, "साहेब, चाचा उद्या येणार आहेत."

"इंजिन बसलं ना?"

"बसलं, पण..."

"मग पण काय? तुम्हा लोकांना प्रत्येक कामात पण लागतो. करार संपत आलाय ना तुमचा?"

मी चावी दिली. तेल नाही, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. ते तोंडाशी आले होते. मग वाटलं, ड्रायव्हर जुना आहे, तेल मोजायची दांडी तो काढून बघेलच. त्यानं बघितली नाही. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली आणि मैदानावर निघाली. तिनं दीडेक पट्टा गवत कापलं. मग कुणीतरी पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज आला, आणि थांबला.

सोमवारी चाचा जळगावच्या पहिल्या बसनं आले. लग्नाचाच सदरा अंगावर होता, हातात कापडी पिशवीत तेलाचा डबा. साहेब, चाचा आणि मी, आम्ही तिघं शेडमध्ये होतो. चाचांनी पिशवी खाली ठेवली, तेलाची दांडी ओढून पाहिली. ती कोरडी होती. त्यांनी इंजिन हातानं फिरवायचा प्रयत्न केला. ते जाम झालं होतं.

"कुणी चालू केली?" त्यांनी विचारलं.

साहेब म्हणाले, "मी करायला लावली. आत तेल नाही हे सांगायचं काम कुणाचं? तुमचं ना?"

"सांगितलं होतं."

"कुणाला?"

"या भाऊंना."

साहेब माझ्याकडे वळले. "सांगितलं होतं यांनी तुम्हाला?"

मी म्हणालो, "मला तसं काही आठवत नाही, साहेब."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. ते रागानं बघतील असं मला वाटलं होतं, पण तो राग नव्हता. एखादा पाना नेहमीच्या जागी सापडला नाही की ते कपाळाला आठ्या घालून उभे राहायचे, तसे उभे होते. मग ते हळू म्हणाले, "मग राहिलं असेल माझ्याकडून."

त्यांनी हत्यारं आवरली आणि गेले. तेलाचा डबा शेडमध्येच राहिला. माझा करार वाढला. चाचांना माझी नोकरी ठाऊक होती, बायकोचं आजारपण ठाऊक होतं. त्यांनी माझ्यासाठी दोष अंगावर घेतला असं मी धरून चाललो. ते धरून चालणं सोयीचं होतं. अशा थोर माणसाला एक दिवस जाऊन खरं सांगायचं, माफी मागायची, असं मी वर्षभर ठरवत राहिलो.

गेलो तेव्हा चाचा एक जनरेटर उघडून बसले होते. गोणपाटावरच्या प्रत्येक बोल्टला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली होती, आणि एक बोल्ट हातात धरून ते चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत होते. दुसरं एक गिऱ्हाईक बाहेर ताटकळत होतं. मी न बोलताच परत फिरलो. पुढे मला जळगावला कायमची नोकरी लागली. चाचांनी दुकान बंद केल्याचं तिथेच कुणाकडून तरी कळलं.

गेल्या उन्हाळ्यात मी दोंडाईचाला गेलो. चाचा तिथे मुलीकडे राहतात. खाटेवर बसले होते, हात स्वच्छ, नखंसुद्धा. त्यांनी मला लगेच ओळखलं. मुलगी सरबत घेऊन आली. मी ग्लास हातात न घेता एका दमात बोलून टाकलं.

"चाचा, तुम्ही मला सांगितलं होतं. तेल नाही म्हणून सांगितलं होतं. मी त्या दिवशी खोटं बोललो."

ते ऐकत राहिले. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"जाऊ द्या, भाऊ. माझं मन राखायला बोलताय तुम्ही. मी किती दिवस विचार केला. सांगितलं असं मला अगदी वाटत होतं, शब्दनशब्द. पण तुम्ही खोटं कशाला बोलाल? तेव्हाच समजलं मला, आता डोक्यावर भरवसा नाही. बरं झालं वेळेवर समजलं. कुणाचा हात सापडला असता पट्ट्यात."

"नाही चाचा, खरंच सांगतो."

"हो, हो," ते म्हणाले. लहान पोराची समजूत काढतात तसं.

मी मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "सगळे सांगून थकले हो. यांचं डोकं अजून आमच्यापेक्षा चांगलं चालतं, पण हे मानतच नाहीत. साध्या पंपालाही हात लावत नाहीत."

मी तिला सगळं पहिल्यापासून सांगायला हवं होतं. सुरुवातही केली. पण चाचांनी मला थांबवलं आणि तिला म्हणाले, "हे कॉलेजवाले भाऊ. माझ्या चुकीपायी यांना त्या दिवशी साहेबापुढे उभं राहावं लागलं. तरी बघ, उन्हातान्हात भेटायला आले."

मुलीनं माझ्याकडे आदरानं पाहिलं आणि सरबताचा ग्लास पुन्हा पुढे केला. मी तो घेतला.