तपासणीच्या दिवशीचे डावे हात

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. बायकोलाही सांगितलं नाही. दोनदा लिहायला बसलो आणि उठून गच्चीत फेऱ्या मारत राहिलो. आजही दोन ओळी झाल्या की उठावंसं वाटतं, म्हणून मुद्द्याचं आधी लिहून टाकतो. एका चांगल्या शिक्षिकेची नोकरी माझ्यामुळे गेली, आणि ती आपल्याला शिकवता येत नाही म्हणूनच गेली, असं त्या शेवटपर्यंत मानत राहिल्या.

नव्वदीची सुरुवात होती. नागरवाड्याजवळच्या एका मराठी शाळेत त्या बाई आणि मी, आम्ही दोघं इंग्रजी शिकवत होतो. बडोद्यात गल्लोगल्ली इंग्लिश मीडियमच्या पाट्या लागत होत्या, आणि घरात मराठीचा अभिमान सांगणारे आमचेच लोक पोरांना टाय बांधून रिक्षात कोंबत होते. त्या रिक्षांत माझ्याही दोन मुली होत्या. पटसंख्या घसरली. नववीच्या दोन तुकड्यांची एक होणार आणि आमच्यापैकी एक जण फाजल ठरणार, हे नक्की झालं. फाजल म्हणजे जादा. त्याला जिल्ह्यात कुठेही पाठवायचे.

नियमाने मी जायला हवा होतो. बाई माझ्याआधी लागल्या होत्या. पण संचालक म्हणाले, "तपासणीला साहेब येताहेत. त्यांचा शेरा बघून ठरवू." माझी आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. मला झोप लागेना.

बाई बाजव्याहून बसने यायच्या. यजमान तिकडे कारखान्यात होते. फ्रेज आणि क्लॉज हा भाग मी मुलांकडून घोकून घ्यायचो. व्हेन दिसला की हे लिहा, हू दिसला की ते लिहा. मार्क मिळायचे. बाईंचं वेगळंच. त्या म्हणायच्या, "कर्ता आणि क्रियापद एकत्र नांदताहेत का बघा. नांदत असतील तर संसार आहे, म्हणजे क्लॉज. नुसतीच चार माणसं ओट्यावर बसलीत, ती फ्रेज. आणि संसार आहे पण दुसऱ्याच्या घरात, तर तो कोण?" वर्ग ओरडायचा, "घरजावई!" मग त्या विचारायच्या, "हा घरजावई घरात काम काय करतो? नामाचं, विशेषणाचं की क्रियाविशेषणाचं?" भिंतीपलीकडे माझ्या वर्गात ते ऐकू यायचं आणि माझी पोरं हसायची.

तपासणीसाठी आमच्याकडे एक जुनी युक्ती होती. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्याने उजवा, नसेल त्याने डावा. साहेबांना हातांचं रान दिसतं आणि शिक्षक उजव्या हातालाच उभं करतो. बाईंना हे आवडत नसे. "पोरांना लबाडी कशाला शिकवायची, सर?" असं म्हणून त्यांनी ते टाळलं. मग त्यांच्या वर्गावर माझा बदली तास आला, तेव्हा मीच शिकवलं. म्हणालो, "बाईंची मान खाली जायला नको. त्यांना मात्र सांगू नका." मुलांना ते गुपित फार आवडलं.

त्या वेळी माझ्या मनात नेमकं काय होतं? इतकी वर्षं मी हेच उकरतोय. चांगुलपणा होता असं एखाद्या दिवशी वाटतं. दुसऱ्या दिवशी वाटत नाही.

तपासणीचे साहेब गुजराती, मुळात गणिताचे. बाईंच्या तासाला ते मलाही घेऊन मागच्या बाकावर बसले. बाईंनी छान शिकवलं. शेवटी साहेब माझ्याकडे वळून हसले. "तमे ज पूछो ने, मास्तर. मला आपली गणितंच बरी."

मी उठलो. फळ्यावर लिहिलं, 'द मॅन हू लिव्ज निअर द स्टेशन सेल्स टॉईज.' यात क्लॉज कुठला आणि फ्रेज कुठली, असं विचारलं. सगळ्या वर्गाचे हात वर. आपल्या वर्गाला ती युक्ती शिकवली गेलीय, हे बाईंना ठाऊक नव्हतं. त्यांना ते सगळे हात खरे वाटले. त्यांचा चेहरा असा उजळला की मी नजर काढून घेतली.

निम्म्याहून जास्त हात उजवे होते. मी खिडकीजवळच्या एका डाव्या हाताकडे बोट दाखवलं.

ती मुलगी गोंधळली. तिने आधी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सर, मी?"

"हो, तूच. सांग."

तिला आलं नाही. मी दुसरा डावा हात निवडला, मग तिसरा. पुढच्या बाकावरचा एक जण उजवा हात उंचावून "सर, सर" करत होता. त्याला मी "बस खाली" म्हटलं. साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. बाई खडू चुरडत उभ्या होत्या.

त्यांना फार लांबचं गाव मिळालं. रोज जाणं-येणं जमेना, त्यांनी राजीनामा दिला. पुढे त्या एका शेअर दलालाच्या ऑफिसात लोकांचे अर्ज भरायला बसू लागल्या. पुन्हा कोणाला शिकवलं नाही.

मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायच्या निमित्ताने मी त्यांच्या वासणा भागातल्या फ्लॅटवर गेलो. आज बोलायचंच, असं ठरवून गेलो होतो. यजमानांनी दार उघडलं. "या, या, सर! आता तुम्हीच सांगा हिला. नातीला जरा ग्रामर शिकव म्हणतो, तर ही पुस्तकाला हात लावत नाही."

"आणि बिघडवू होय तिला?" आतून बाई हसत आल्या. "सर साक्षीला आहेत. सगळ्या वर्गाने हात वर केले होते, आठवतं ना, सर? सगळ्यांनी! आणि एकालाही येऊ नये? मी शिकवते तेव्हा पोरांना समजल्यासारखं वाटतं, समजत काही नाही. बरं झालं, वेळेवर कळलं."

यजमान चहा टाकायला आत गेले. खोलीत आम्ही दोघंच होतो.

"तसं नाही हो, बाई," मी म्हणालो. "तो दिवसच वाईट होता."

"दिवसाला कशाला बोल लावायचा?" त्यांनी पत्रिका देवापुढे ठेवली आणि साडीचा रंग कुठला घेतला ते विचारू लागल्या. मी रंग सांगितला. चहा घेतला. जिन्यात थांबलो, दोन पायऱ्या परत चढलो, वर दार लागल्याचा आवाज आला आणि उतरून गेलो.

गेल्या वर्षी त्या वारल्याचं कळलं. त्या जिन्यात जे ओठांवर होतं ते एवढंच: बाई, तुमच्या मुलांना येत होतं. ज्यांना येत नव्हतं ते मला ओळखू येत होते, आणि मी त्यांनाच निवडून उभं केलं. तुमच्या शिकवण्यात काही खोट नव्हती. मला माफ करा.