दोन जीबीत न मावलेली भावकी

"दादा, फुलं पाठवू नका. पाया पडते तुमच्या, पण ती फुलं बंद करा," माझी बायको अंगणात उभी राहून फोनवर ओरडत होती. पलीकडे होते माझे थोरले भाऊ, ज्यांच्यासमोर लग्न झाल्यापासून तिचा आवाज कधी चढला नव्हता. टेंभुर्णीतली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली. आत माझी पोरगी टॅबलेटसमोर ताठ बसली होती, आणि टॅबलेटमधली तिची छबी अर्धं तोंड उघडं ठेवून गोठली होती. हैदराबादच्या बियाणे कंपनीचे तीन साहेब तिची मुलाखत घेत होते आणि त्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा तुटत तुटत येत होता.

घरात ठरलं होतं ते असं. ही नोकरी लागली तर दोन वर्षं तिच्या लग्नाचा विषय कोणी काढायचा नाही. नाही लागली तर ज्या पाहुण्यांचे निरोपावर निरोप येत होते, त्यांना हो म्हणायचं. तिनं बियाण्यांचं शिक्षण घेतलंय. दाणा हातात घेऊन तो उगवणार की नाही हे ती सांगते, आणि दाण्याची हिंमत होत नाही तिला खोटं पाडायची.

कंपनीनं कळवलं होतं की मोबाईल चालणार नाही, मोठी स्क्रीन पाहिजे. लॅपटॉप काही जमत नव्हता. पोरगी म्हणाली, "बाबा, टॅबलेट आना, पन चार जीबी रॅमचा तरी आना." मी नव्या जालन्यात स्टेशनकडच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "सेठ, रॅम दो है, मगर स्टोरेज देखो ना, चौंसठ. पूरा खानदान बैठ जाता इसमें." मी भुसार मालाचा व्यापारी. आमच्या धंद्यात माणूस आधी गोदाम बघतो. चौसष्ट ऐकलं आणि घेऊन आलो.

पोरीनं खोका उघडला आणि डोक्याला हात लावला.

"बाबा, चौसष्ट म्हंजे गोदाम. रॅम म्हंजे आपल्या दुकानापुढचा ओटा. पोतं फोडनं, तोलनं, सगळं ओट्यावरच होतं ना? गोदामात गाव मावलं तरी ओटा वीतभर असंल तर एका टायमाला एकच गिऱ्हाईक."

"मंग परत देऊन येतो."

"सील फोडल्यावर घेत न्हाई ते. ऱ्हाऊ द्या. एका वेळी एकच काम केलं तर चालंल."

आणि चालला. सुरू व्हायला मात्र तो असा वेळ घ्यायचा की बटण दाबून मी आठवडी बाजार करून, भाजी निवडायला देऊन परत यायचो, तरी त्याचं चिन्ह गोल गोल फिरतच असायचं. पण एकदा जागा झाला आणि त्याच्यावर दुसरं काही टाकलं नाही, की चेहरा स्वच्छ, आवाज स्वच्छ. पोरीनं त्यातलं होतं नव्हतं ते सगळं काढून टाकलं, मैत्रिणीला समोर बसवून रोज सराव केला. फक्त माझं व्हॉट्सॲप ठेवलं. त्यावर बाजारभाव येतात.

आता आमच्या भावकीची एक रीत आहे. चांगल्या कामाला निघताना थोरल्याच्या कानावर घालावंच लागतं. नाही घातलं तर तो तुमच्या पुढच्या कार्याला येतो आणि सगळ्यांना दिसेल अशा जागी उपाशी बसतो. म्हणून सकाळी पोरीनं स्वतः फोन करून त्यांचा आशीर्वाद घेतला. थोरल्यांना इतका आनंद झाला की त्यांनी तो एकट्याजवळ ठेवला नाही. भावकीच्या ग्रुपवर टाकलं, 'आज अकरा वाजता आपल्या लेकीची मुलाखत. सर्वांनी आशीर्वाद द्यावेत.'

सर्वांनी दिले. बराबर अकराला. गुलाब आले, कमळं आली, हलणारे दिवे आणि वाजणाऱ्या घंटा आल्या. वारलेल्या आत्याच्या नंबरवरून झेंडूचा हार आला; तो फोन आता तिचा नवरा वापरतो हे मला नंतर कळलं, तोवर माझं रक्त गोठून झालं होतं. एका चुलत भावानं मोसंबीच्या बागेत उभं राहून आशीर्वादाचा व्हिडिओ केला, आणि सुरुवात पहिल्या झाडापासून केली.

दाराआडून मी तिची पहिली दोन उत्तरं ऐकली होती. अशी खणखणीत, की एक साहेब हसून "व्हेरी गुड" म्हणाला होता. मग सगळी भावकी त्या वीतभर ओट्यावर चढली. पोरगी बोटानं काही बंद करायला बघत होती, स्क्रीन तिचं बोट ओळखत नव्हती.

"अवं, पन लोक प्रेमानं पाठवून ऱ्हायलेत," थोरले फोनवर म्हणाले. तरी त्यांनी बायकोचं ऐकलं, लगेच ग्रुपवर लिहिलं की कोणीही फुलं पाठवू नयेत. त्यावर प्रत्येकानं जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.

टॅबलेट काळा पडला. पोरीनं पुन्हा चालू केला. ते चिन्ह फिरायला लागलं आणि आम्ही तिघं त्याच्याकडे बघत बसलो. तो उघडला तेव्हा मुलाखत संपलेली होती. तिनं कंपनीत फोन लावला. एक बाई फार गोड आवाजात म्हणाली की पुढचे उमेदवार बसलेत, आम्ही कळवू.

त्यांनी कळवलंही. जागा भरली होती. संध्याकाळी थोरले आले, चहा घेतला, आणि पाहुण्यांना रविवारी बोलावतो म्हणाले. कोणी नाही म्हणालं नाही. शब्द दिलेला होता, आणि तो देताना पोरीनंच मान हलवली होती.

ते गेल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसलो. ती टॅबलेटमधून एकेक फूल काढून टाकत होती.

"बाई, उद्याच जालन्याला जातो," मी म्हणालो. "आठ जीबीचा आनतो. तुला पाह्यजे तसला."

तिनं मान वर केली नाही.

"नको. पाहुन्यांचे फोटो बघायला ह्यो पुरतो."