वैशालीचा बोर्ड का अडकायचा

हे मी आजवर कोणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असता तर तुमच्याशीही खोटंच बोललो असतो. आणि ऐकताना दया वगैरे दाखवू नका. मला दयेची चीड आहे.

वैशाली बदलापूरची, कुळगावातली. कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. मी अंबरनाथला एमआयडीसीत मशीनचे कंट्रोल पॅनल दुरुस्त करतो. आमची ओळख झाली एका ऑपरेटिंग सिस्टीममुळे — नाव सांगून उपयोग नाही, जगात ती वापरणारे वेडे मोजकेच. ती तळहाताएवढ्या स्वस्त सर्किट बोर्डावर चालवून दाखवायची, हा आमचा नाद. चालली असती तर कोणत्याही साध्या कॉलेजला परवडेल असा कॉम्प्युटर तयार झाला असता.

सुरुवात माझी होती. कितीतरी दिवस एकटाच घासत होतो. तिला सोल्डरिंग मीच शिकवलं. आणि ती — बघता बघता माझ्या पुढे गेली. माझ्या स्क्रीनवर नुसती अक्षरं उमटायची. तिच्याकडे कीबोर्ड, नेटवर्क, सगळं चालायचं. ही सिस्टीम वापरणाऱ्यांचा इंटरनेटवर एक ग्रुप आहे, त्यातले लोक मला सोडून तिला विचारायला लागले. ती प्रत्येकाला सांगायची, "मला दादांनी शिकवलं." त्या वाक्याचा किती राग यायचा मला! तिने घमेंड केली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

एकच गोष्ट तिला सुटत नव्हती. बोर्ड थोडा वेळ नीट चालायचा आणि मध्येच अडकायचा. का, ते कळत नव्हतं.

आमचे दोघांचे बोर्ड उल्हासनगरच्या एकाच दुकानातून, एकाच लॉटमधून घेतलेले. एका रविवारी माझाही अडकला. सहज बोट लावलं तर मेमरीची चिप चटका देत होती. स्वस्तातली चिप — सिस्टीम तिला झेपणार नाही एवढ्या वेगाने पळवत होती. मी वेगाचा आकडा बदलून कमी केला. एकच आकडा. बोर्ड संध्याकाळपर्यंत विनातक्रार चालला. म्हणजे वैशालीच्या कोडमध्ये चूक नव्हतीच.

मी फोन उचलला, तिचा नंबर काढला — आणि फोन ठेवून दिला. विसरलो? नाही. घाबरलो? कसला घाबरतोय. मला ती पडायला हवी होती.

त्यानंतरही ती विचारत राहिली, कुठे चुकत असेल. मी म्हणायचो, तुझा कोड परत वाच. ती वाचायची. क्लासच्या बॅचेस सोडून वाचायची.

मग इथल्याच एका कॉलेजात डेमो ठरला. जमलं तर त्यांच्या लॅबचं काम तिला मिळणार होतं, नोकरीसकट. मे महिना, खोलीत माणसं दाटलेली. बोर्ड सुरू झाला आणि अडकला. तिने परत चालू केला, परत अडकला. मागे कोणीतरी हसलं. प्राचार्य माझ्याकडे वळले आणि म्हणाले, तुम्ही यातले जाणकार, तुमचं मत काय?

अजून वेळ गेली नव्हती. आकडा बदललेली सिस्टीम भरलेलं मेमरी कार्ड माझ्या बॅगेत होतं, तिच्या बोर्डात घालायचाच अवकाश होता. मुद्दाम नेलं होतं — का, ते विचारू नका.

मी म्हणालो, "मेहनत आहे तिची, पण पायाच कच्चा आहे."

वैशालीने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. पटलं तिला! कळतंय का तुम्हाला? माझं म्हणणं तिला पटलं.

कॉलेजने दुसरे कॉम्प्युटर घेतले. तिने हे काम सोडलं, मग क्लासही. आता वांगणीला एका बिल्डरच्या ऑफिसात येणाऱ्यांना फ्लॅट दाखवते.

ती यातून बाहेर पडल्यावर, सगळं शांत झाल्यावर, तो आकडा मी ग्रुपवर टाकला. माझ्या नावाने. बाहेरच्या देशांतूनही शाबासकी आली. तिचाही फोन आला.

"बरं झालं दादा, तुम्हाला सापडलं," ती म्हणाली. "मला वाटायचं, मला कोडच जमत नाही."

सुरुवातीला सगळ्यांचंच होतं असं, मी म्हणालो. तिने माझे आभार मानले. फोन ठेवला आणि मी परदेशातल्या एकाला उत्तर लिहायला बसलो — हा दोष मी कसा शोधून काढला, ते.